मंद आच वेगळी, बाजूची आच वेगळी

उन्हाळा सरत आला की परसातली भाजी आवरेनाशी होते. दोन दिवस नजर चुकली तर झुकिनी दंडाएवढी जाड झालेली असते, टोमॅटो सगळे एकदम पिकतात, वांग्यांच्या भाराने झाड आडवं होतं. मग अंगणात शेगडी पेटते आणि जे जे तोडलंय ते एकाच जाळीवर येतं. थोड्या वेळात कांदा बाहेरून करपलेला आणि आतून करकरीत निघतो. आजूबाजूचे सगळे एकच सल्ला देतात, "आच मंद कर." बहुतेक वेळा हा सल्ला चुकीचा असतो. कांद्याला हवी असते बाजूची आच.

दोन्हींत भाजी सावकाश शिजते, म्हणून दोन्ही एकच वाटतात. फरक आहे तो उष्णता भाजीपर्यंत येते कुठून, यात.

मंद आचेत निखारे भाजीच्या खालीच असतात, फक्त थर विरळ केलेला किंवा जाळी उंच घेतलेली. शेकोटीपुढे बसलं की छाती भाजते आणि पाठ गारच राहते, तसंच इथे भाजीचं होतं. निखारे निम्मे केले तरी मार एकाच अंगाला बसतो, फक्त हळू. बाजूच्या आचेत निखारे शेगडीच्या एका अर्ध्यात लोटायचे, भाजी दुसऱ्या अर्ध्यात ठेवायची आणि वर झाकण घालायचं. झाकणाखाली कोंडलेली गरम हवा फिरत राहते आणि भाजीला सगळीकडून लागते. झाकण नसेल तर हा प्रकार होतच नाही, कारण हवा सरळ वर निघून जाते आणि भाजी नुसती कोमट होत बसते. झाकणाची झडप भाजीच्या डोक्यावर येईल असं बघा, म्हणजे हवा आणि धूर भाजीवरून जातात. ती पूर्ण मात्र बंद करू नका, निखारे गुदमरून विझतील.

गॅसच्या ग्रिलवर हे लख्ख दिसतं. सगळे बर्नर बारीक केले तर ती मंद आच. एक पेटता ठेवून दुसरा बंद केला आणि भाजी बंद बर्नरवर ठेवली, तर ती बाजूची.

आता कुठे काय, हे भाजीतलं पाणी आणि तिची जाडी ठरवते. भाजीला खमंग तपकिरी रंग यायला पृष्ठभाग साधारण 140 अंश सेल्सिअसच्या पुढे जावा लागतो. जोवर तिथे पाणी आहे, तोवर तो 100 च्या आसपासच अडकून राहतो. झुकिनीत 90 टक्क्यांहून जास्त पाणी. मंद आचेवर तिच्या चकत्या आधी घाम सोडतात, मग त्याच पाण्यात शिजतात आणि शेवटी फिकट, लिबलिबीत गोळा हातात येतो. तिला मंदही नको आणि बाजूचीही नको. बोटाएवढी जाड चकती, वर तेलाचा पातळ हात, खाली रसरशीत निखारे, आणि काम काही मिनिटांत संपवायचं. मीठ शेवटी. आधी लावलं तर पाणी आणखी सुटतं. तेलही जाळीला नाही, भाजीला लावावं, आणि तेही बेतानं. ठिबकलं की खालून जाळ उठतो आणि भाजीवर काजळी बसते.

ढोबळी मिरचीचंही तसंच. कडक आचेवर ठेवली की साल फुगते, तडतडते, काळी पडते. चारी बाजूंनी काळी झाली की भांड्यात घालून दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवा. आतल्या वाफेने साल सुटते आणि अंगठ्याने सरकवली की अख्खी निघून येते. खालचा गर गोड, मऊ, धुराच्या वासाचा. नळाखाली धरून सोलणाऱ्यांशी माझं जमत नाही, सगळी चव मोरीत जाते.

उलट अख्खा कांदा, बीट, बटाटा, लाल भोपळ्याची जाड फोड यांच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोचायलाच वेळ लागतो. ही खरी बाजूच्या आचेची गिऱ्हाइकं. मोठ्या बिटाला तासभर सहज लागतो, घाई केलीत तर फसाल. आधी बाजूला मऊ करून घ्यायचं आणि अगदी शेवटी निखाऱ्यांवर सरकवून रंग आणायचा.

पिकलेले टोमॅटोही इथेच. थेट आचेवर ते फुटतात आणि रस निखाऱ्यांवर सांडतो. अर्धे कापून, कापलेली बाजू वर करून झाकणाखाली पाऊण तास ठेवले की कडा आक्रसतात, मधला रस घट्ट होऊन चकाकायला लागतो. उन्हाळ्याच्या शेवटच्या टोमॅटोंचं याहून चांगलं काही होत असेल असं मला वाटत नाही.

मग मंद आच कशाला? सालीसकट मक्याचं कणीस, जाडसर मश्रूम, आणि अख्खं वांगं, म्हणजे ज्यांना स्वतःचं आवरण आहे किंवा ज्यांना आपण सतत फिरवत राहणार आहोत अशांना. वांग्याला आधी टोचे मारा, नाहीतर आतली वाफ ते फोडते.

आच ओळखायला तळहात पुरतो. जाळीच्या वर वीतभर धरा. दोन-तीन सेकंदांत मागे घ्यावा लागला तर कडक, आठ-दहा सेकंद टिकला तर मंद. निखाऱ्यांवर राखेचा करडा थर चढेपर्यंत मात्र काहीच ठेवू नका. आणि पाऊस आला म्हणून कोळशाची शेगडी घरात किंवा तंबूत कधीही ओढू नका, विझत आलेली असली तरी. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कणसं सगळ्यात शेवटी तोडा. तोडल्यापासूनच दाण्यांतल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो, त्यामुळे आधी निखारे तयार करा, मग बागेत जा.