एफेड्रिनच्या मागचं झुडूप : माहुआंग

एप्रिल २०१६मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या एका औषध कारखान्यावर छापा घालून टनावारी एफेड्रिन जप्त केलं आणि हे नाव मराठी वर्तमानपत्रांत गाजलं. अनेकांच्या लक्षात ते अमली पदार्थांच्या प्रकरणामुळेच राहिलं. पण एफेड्रिन हे एकेकाळचं दम्याचं मोठं औषध, आणि त्याचं मूळ चिनी वैद्यकातल्या माहुआंगमध्ये आहे.

माहुआंग उत्तर चीन आणि मंगोलियाच्या कोरड्या माळांवर उगवतं. पानं जवळजवळ दिसतच नाहीत, पेरं असलेल्या हिरव्या काड्यांचा झुपका तेवढा दिसतो. घाम आणायच्या औषधात याच काड्या जातात. (मूळही वापरतात, पण ते उलट घाम थांबवायला.) सुमारे १,८०० वर्षांपूर्वी चांग चोंगचिंग या वैद्याने थंडीतापावरचा काढा लिहून ठेवला : माहुआंग, दालचिनीच्या डहाळ्या, जेष्ठमध आणि जर्दाळूच्या ७० बिया. माहुआंग आधी एकटंच उकळायचं, वर आलेला फेस काढून टाकायचा, मगच बाकीची द्रव्यं घालायची. काढा गरम असतानाच पिऊन पांघरूण घ्यायचं, अंगाला हलका घाम सुटला की पुरे. वारंवार घोळणा फुटणाऱ्याला किंवा खूप रक्त गेलेल्याला घाम आणू नये, असंही त्याने बजावलं आहे. मला त्या काढ्याइतकीच ही मनाईही मोलाची वाटते.

१८८५ साली जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी माहुआंगमधून एफेड्रिन वेगळं काढलं. औषध म्हणून त्याचं महत्त्व जगाला कळायला मात्र १९२४ उजाडलं. पेकिंगच्या (आजच्या बीजिंगच्या) युनियन मेडिकल कॉलेजात चेन केहुई आणि कार्ल श्मिट या संशोधकांना प्रयोगांत दिसलं, की याचं काम श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या ॲड्रिनलिन या संप्रेरकासारखं आहे, पण ते तोंडावाटे घेतलं तरी लागू पडतं आणि जास्त वेळ टिकतं. ॲड्रिनलिनची सुई टोचून घेणाऱ्या दमेकऱ्यांसाठी ही केवढी सुटका होती!

दुसरी वाटही नागाईंच्याच प्रयोगशाळेतून निघाली. १८९३मध्ये त्यांनी एफेड्रिनपासून मेथॲम्फेटामिन तयार केलं, जे आज जबर व्यसन लावणारा अमली पदार्थ म्हणून ओळखलं जातं. दोन्हींच्या रेणूंत फरक एका ऑक्सिजन अणूचा. एफेड्रिनच्या साठ्यांवर आज सरकारं नजर ठेवतात ती यामुळेच.

१९९०च्या दशकात अमेरिकेत माहुआंगचा अर्क वजन उतरवण्याच्या गोळ्यांत शिरला, बहुधा कॅफीनच्या जोडीने. घेणाऱ्यांना ना ताप होता ना दमा, आणि नाडी बघणारं कुणी नव्हतं. हृदयविकाराचे झटके, पक्षाघात यांच्या तक्रारी वाढत गेल्या. २००३मध्ये अशी गोळी घेणारा एक तरुण बेसबॉलपटू सरावादरम्यान उष्माघाताने कोसळून दगावला, आणि २००४मध्ये अमेरिकेने एफेड्रिनयुक्त पूरक आहारावर बंदी घातली. चिनी वैद्यांच्या पारंपरिक औषधांना तिने त्यातून वगळलं, आणि ते योग्यच झालं.