ऑनलाइन जाहिरात कार्यक्रमांचे नियमपालन

संकेतस्थळावर इतरांच्या जाहिराती किंवा विक्रीचे दुवे दाखवून उत्पन्न मिळवणाऱ्या मालकाने जाहिरात कंपनीच्या करारातील अटी पाळणे. जाहिरात व्यवसायात अशा मालकाला प्रकाशक म्हणतात. ॲमेझॉनचा असोसिएट्स (१९९६) आणि गूगलचा ॲडसेन्स (२००३) हे या प्रकारचे सर्वांत परिचित कार्यक्रम. पहिल्यात दुव्यावरून गेलेल्या वाचकाने खरेदी केली तर कमिशन मिळते. दुसऱ्यात पूर्वी मुख्यतः क्लिकमागे पैसे मिळत. २०२४ पासून जाहिरात दाखवली जाण्यावर मोबदला ठरतो.

अटींची यादी लांबलचक असली तरी बहुतेकींचे मूळ एकच आहे. पैसे जाहिरातदाराच्या खिशातून येतात आणि त्या बदल्यात त्याला स्वतःच्या इच्छेने आलेला खरा माणूस हवा असतो. प्रकाशक प्रामाणिक आहे का, हा प्रश्न पुढचा. आलेली भेट खरी होती का, हे आधी पाहिले जाते. त्यामुळे हेतू वाईट नसतानाही खाते बंद होऊ शकते.

अवैध रहदारी. रहदारी म्हणजे संकेतस्थळाला मिळणाऱ्या भेटी आणि क्लिक; त्या खऱ्या नसणे हे खाती बंद होण्याचे प्रमुख कारण. स्वतःच्या जाहिरातीवर क्लिक करणे, घरच्यांना किंवा मित्रांना करायला सांगणे, ‘आम्हाला मदत म्हणून जाहिरातीवर क्लिक करा’ असे लिहिणे, क्लिकची देवाणघेवाण करणाऱ्या गटात सामील होणे हे सारे यात येते. विकत घेतलेली रहदारी सर्वांत घातक. ‘इतक्या हजार भेटी’ म्हणून जे विकले जाते त्यात बरेचदा संगणकीय बॉट (माणसाऐवजी आपोआप पाने उघडणारे प्रोग्राम) किंवा वाचकाला न दिसणाऱ्या खिडकीत उघडलेली पाने असतात. संकेतस्थळाच्या भाषेशी संबंध नसलेल्या प्रदेशातून अचानक आलेली गर्दी, पानावर एक-दोन सेकंदांचा मुक्काम, शेकडो भेटींत ब्राउझरची तीच ती आवृत्ती आणि क्लिकच्या प्रमाणात एका रात्रीत झालेली उडी या तिच्या खुणा. त्या दिसताच तो स्रोत तोडावा, सर्व्हरच्या नोंदी जपून ठेवाव्यात आणि तारखांसह कंपनीला कळवावे. अंदाजित उत्पन्न आणि महिनाअखेरचे अंतिम उत्पन्न यांत फरक पडतो, त्यामागेही बहुधा हीच वजावट असते.

जाहिरात नीट चालते का हे पाहण्यासाठी स्वतः क्लिक करणे ही नवख्यांची नेहमीची चूक. ॲडसेन्सच्या कोडमध्ये चाचणीची खूण चालू करता येते. तेव्हाचे क्लिक हिशेबात धरले जात नाहीत. चाचणी संपल्यावर ती खूण काढायला विसरू नये, नाहीतर खऱ्या भेटींचेही उत्पन्न मिळत नाही.

जागा आणि मांडणी. वाचकाचे बोट चुकून जाहिरातीवर पडेल अशी मांडणी चालत नाही. डाउनलोडचे बटण, खेळाची नियंत्रणे आणि उघडणारा मेनू यांच्याजवळ जाहिरात ठेवू नये. तिच्याकडे बाण दाखवू नये. तिला चिकटून छायाचित्र लावू नये. ॲडसेन्समध्ये वर मथळा द्यायचाच असेल तर ‘जाहिराती’ किंवा ‘प्रायोजित दुवे’ एवढाच चालतो. एक दोष सहज नजरेतून सुटतो: जाहिरात उशिरा उतरते, मजकूर खाली ढकलला जातो आणि दुव्यासाठी टेकवलेले बोट जाहिरातीवर पडते. जाहिरातीच्या चौकटीला आधीच किमान उंची दिली की हा प्रश्न मिटतो.

कोअॅलिशन फॉर बेटर ॲड्स या संघटनेच्या मानकांनुसार मोबाइलवर मुख्य मजकुराच्या उंचीत जाहिरातींचा वाटा ३० टक्क्यांहून अधिक नसावा. मजकुराचा भाग ४,००० पिक्सेल उंच असेल आणि त्यात २५० पिक्सेलच्या सहा जाहिराती असतील, तर वाटा ३७.५ टक्के होतो. दोन काढल्या आणि भागाची उंची तेवढीच राहिली तर २५ टक्क्यांवर येतो. फेब्रुवारी २०१८ पासून क्रोम ब्राउझर ही मानके वारंवार मोडणाऱ्या स्थळांवरच्या सगळ्याच जाहिराती रोखू लागला.

मजकूर. चोरलेला मजकूर, पायरेटेड फायलींचे दुवे, द्वेषपूर्ण किंवा अश्लील लेखन यांवर बंदी असते. वाचकांनी टाकलेल्या प्रतिक्रियांची जबाबदारीही प्रकाशकाचीच. ‘पान सापडले नाही’, लॉगिन, ‘धन्यवाद’ अशा मजकूर नसलेल्या पानांवर जाहिरात नको.

ॲड्स डॉट टीएक्सटी. दुसऱ्याच्या नामांकित स्थळाचे नाव लावून जाहिरातीची जागा विकण्याचे प्रकार रोखण्यासाठी आयएबी टेक लॅब या ऑनलाइन जाहिरातींची तांत्रिक मानके ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ मध्ये आणलेली ही साधी मजकूर फाइल. तिच्या एका ओळीत स्वल्पविरामाने वेगळे केलेले चार भाग असतात: जाहिरात प्रणालीचे डोमेन, प्रकाशकाचा क्रमांक, ‘डायरेक्ट’ किंवा ‘रीसेलर’ हा संबंध, आणि ऐच्छिक प्रमाणन क्रमांक. ती डोमेनच्या मुळाशीच हवी. उपफोल्डरमध्ये ठेवलेली फाइल, क्रमांकातला एक चुकलेला अंक किंवा फाइलच्या जागी सर्व्हरने दाखवलेले सजवलेले पान, यांतले काहीही झाले तर विक्रेता अनधिकृत ठरतो आणि त्या जागेसाठी जाहिरातदारांची बोली थांबते. दुरुस्तीनंतर फाइल पुन्हा वाचली जायला काही दिवस लागतात.

संमती आणि प्रकटीकरण. युरोपीय आर्थिक क्षेत्र आणि ब्रिटनमधील वाचकांना व्यक्तिगत जाहिराती दाखवण्यासाठी १६ जानेवारी २०२४ पासून गूगलने प्रमाणित केलेली संमती-व्यवस्था, म्हणजे वाचकाची परवानगी विचारून नोंदवणारी प्रणाली, लागते. मुलांसाठीच्या पानांवर तशी खूण करावी लागते. असोसिएट्ससारख्या कार्यक्रमांत दुव्यातून कमिशन मिळते हे वाचकाला स्पष्ट दिसेल असे लिहावे. स्वतःच्या दुव्यावरून स्वतःसाठी खरेदी करू नये. जुनी किंमत हाताने लिहून ठेवू नये, कारण ती बदलत राहते.

कारवाई आणि दाद. कारवाई एका पानावर, एका विभागावर, संपूर्ण स्थळावर किंवा थेट खात्यावर होते. सूचनेत दाखवलेले पान हा बहुधा नमुना असतो. तोच साचा वापरणारी सगळी पाने दुरुस्त केल्यावरच पुनर्तपासणी मागावी. घाईने केलेली विनंती फेटाळली जाते. खाते बंद झाले असेल तर अपिलात रहदारीचे स्रोत, दोष कुठे सापडला आणि कोणता बदल केला, हे नेमके लिहावे. दुसऱ्याच्या नावाने नवे खाते उघडले तर जुन्याशी असलेला संबंध उघड होताच तेही बंद होते.