वर्सोव्यापर्यंत उजेड, पुढे तांबं

वर्सोव्याच्या किनाऱ्याला समुद्राखालून केबल येऊन लागतात. हजारो किलोमीटरवरचा मजकूर काचतंतूतून, प्रकाशाच्या रूपात येतो. सर्व्हरपाशी मात्र त्या उजेडाची वीज होते आणि प्रोसेसरपर्यंतचे शेवटचे काही सेंटिमीटर तांब्यावरून कापावे लागतात. विरारहून फास्ट लोकलने सुसाट यावं आणि अंधेरी स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत ताटकळावं, तसंच.

महासंगणकात हजारो चिप अखंड एकमेकींशी बोलत असतात. तांब्याची तार संदेशागणिक विजेने भरायची नि उपसायची. तार लांबली की खर्च वाढला. म्हणून चिपवरच सिलिकॉनची बारीक वाट कोरायची आणि तिच्यातून संदेश प्रकाशाच्या रूपात न्यायचे, ही कल्पना. प्रकाशाला ही भरउपस नाही, शिवाय वेगवेगळ्या तरंगलांबीचे अनेक संदेश एकाच वाटेने नेता येतात. वेगाचं म्हणाल, तर सिलिकॉनच्या वाटेत प्रकाशाचे स्पंद निर्वातातल्यापेक्षा सुमारे चौपट हळू धावतात! खरी बचत विजेच्या बिलात आहे.

ही वाट साधारण ५०० नॅनोमीटर रुंद आणि २२० नॅनोमीटर उंच. चिप बनवून हातात यायला महिने जातात, म्हणून आधी ती सॉफ्टवेअरमध्ये चालवून बघायची. केन यी यांनी १९६६ मध्ये मांडलेली पद्धत इथे कामी येते: जागेच्या इवल्या खोल्या पाडा आणि प्रत्येकीत मॅक्सवेलची, म्हणजे प्रकाश कसा पसरतो ते सांगणारी, समीकरणं क्षणाक्षणाला सोडवत पुढे सरका. हिशेब करून बघा. १ चौरस सेंटिमीटर चिपचा १ मायक्रॉन (१,००० नॅनोमीटर) जाडीचा थर, खोली २० नॅनोमीटरची, तर खोल्या साडेबारा लाख कोटी. प्रकाश एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत अशी सुमारे ३५ लाख पावलं. खोली निम्मी केलीत, तर काम १६ पट!

म्हणून अख्खी चिप कुणी असं सोडवत नाही. एकेक वळण, एकेक रिंग (वाटेशेजारची प्रकाशाची गोल वाट) तेवढी बारकाईने सोडवायची, तिथे किती प्रकाश आत गेला, किती बाहेर आला याचा तक्ता करायचा आणि मग तक्ते एकमेकांना जोडायचे.

तक्त्यांची खरी परीक्षा उष्णता घेते. काही मायक्रॉनची रिंग आपल्याला हवी ती तरंगलांबीच उचलते, पण तापमान १ अंशाने वाढलं की ती तरंगलांबी ०.०७ ते ०.०८ नॅनोमीटरने सरकते. शेजारची वाहिनी, म्हणजे दुसऱ्या संदेशाची तरंगलांबी, ०.८ नॅनोमीटरवर असेल, तर १०-११ अंशांत रिंग थेट पुढच्या फलाटावरची गाडी पकडते. मग रिंगेला जागेवर ठेवायला तिच्याशेजारी चिमुकला हीटर. म्हणजे वीज वाचवायला आलेला पाहुणाच वीज मागतो. प्रोसेसरचा कुठला कोपरा कधी तापतो, हेही मग मॉडेलमध्ये घालावं लागतं. म्हणजे यंत्रावर चालणारं काम कुठलं, पावसाचा अंदाज की रेणूंचं गणित, हेसुद्धा. हीटर आणि प्रकाश पुरवणारा लेसर वगळून बचतीचे आकडे दाखवणाऱ्या आलेखावर मी तरी विश्वास ठेवत नाही. वाटेत १० डेसिबल घट झाली, म्हणजे प्रकाशाचा दहावा हिस्साच उरला, तर लेसर १० पट ताकदीचा हवा, आणि तो दिवसरात्र पेटलेला असतो, संदेश असो वा नसो.