हिवाळ्यातली शेगडी आणि सोमवारची पश्चातबुद्धी : अमेरिकी क्रीडारसिकांच्या दोन वादांची पार्श्वभूमी

बेसबॉलचा हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरच्या पहिल्या दिवसांत संपतो आणि फेब्रुवारीच्या मध्यावर फ्लोरिडा व ॲरिझोनातल्या उन्हात सराव शिबिरे सुरू होईपर्यंत मैदाने ओस पडलेली असतात. मधल्या तीन-साडेतीन महिन्यांत चेंडू एकदाही टोलवला जात नाही, तरीही खेळाची चर्चा एक दिवसही थांबत नाही. अमेरिकेत या चर्चेला ‘हॉट स्टोव्ह लीग’ असे नाव आहे. पूर्वी छोट्या गावांतल्या किराणा दुकानात लोखंडी शेगडी पेटवलेली असे आणि तिच्याभोवती हात शेकत बसलेली मंडळी पुढच्या वर्षी आपल्या संघात कोण असावे, कोणाला काढावे, यावर वाद घालीत, त्यावरून हे नाव पडले. आपल्याकडचा पार जे काम करतो, तेच काम तिकडच्या हिवाळ्यात ही शेगडी करत होती.

नेमक्या याच महिन्यांत अमेरिकी फुटबॉलचा हंगाम ऐन भरात असतो. रविवारी सामना होतो आणि सोमवारी सकाळी कामाच्या ठिकाणी प्रत्येक जण सांगू लागतो की तिसऱ्या प्रयत्नात पास टाकायला नको होता, धावायला हवे होते. अशा माणसाला ‘मंडे मॉर्निंग क्वार्टरबॅक’ म्हणतात; क्वार्टरबॅक म्हणजे मैदानावर संघाची चाल चालवणारा आणि पास टाकणारा खेळाडू. हा शब्दप्रयोग १९३०च्या दशकाच्या आरंभापासून रुळलेला आहे आणि त्यातला टोमणा मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. डिसेंबरमधल्या अमेरिकी रसिकाच्या तोंडी त्यामुळे एकाच वेळी दोन वाद असतात : बेसबॉलमध्ये कोणाला घ्यावे आणि फुटबॉलमध्ये कोणती चाल खेळावी. वरवर पाहता दोन्ही रिकामपणाचे उद्योग वाटतात. पण निर्णयाचा अधिकार नेमका कोणाच्या हाती आहे, या प्रश्नाचे उत्तर दोन्ही खेळांत गेल्या शतकात पार बदलून गेले आणि ते जसे बदलले तसा वादही बदलत गेला.

बेसबॉलमध्ये तो अधिकार आरंभी सर्वस्वी मालकांचा होता. १८७६ मध्ये नॅशनल लीग स्थापन झाली आणि तीनच वर्षांनी, म्हणजे १८७९ मध्ये, मालकांनी आपापसांत ठरवले की प्रत्येक संघ पाच खेळाडू ‘राखून’ ठेवील आणि दुसरा कोणीही त्यांच्याशी बोलणी करणार नाही. पुढे ही मर्यादा वाढत जाऊन प्रत्येक खेळाडूच्या करारात राखीव कलम आले. करार संपला तरी खेळाडू त्याच संघाचा. संघाला वाटले तर मात्र त्याला विकता येई, दुसऱ्याशी अदलाबदल करता येई किंवा काढून टाकता येई. १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट दिली आणि या व्यवस्थेला कायद्याचे कवचही मिळाले.

शेगडीभोवतीच्या गप्पांना त्या काळात एकच विषय असे, आणि तो म्हणजे मालकाचे शहाणपण किंवा मूर्खपणा. त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९१९ च्या डिसेंबरमधले आहे. बोस्टन रेड सॉक्सचे मालक हॅरी फ्रेझी यांनी बेब रुथ यांना न्यूयॉर्क यांकीज संघाला १ लाख डॉलरला विकले आणि यांकीजच्या मालकांकडून त्याशिवाय ३ लाख डॉलरचे कर्जही ठरवून घेतले, ज्याला तारण म्हणून बोस्टनचे फेनवे पार्क मैदानच ठेवले गेले. रुथ यांनी १९१९ मध्ये बोस्टनसाठी २९ होमरन, म्हणजे क्रिकेटमधल्या षटकारासारखे थेट मैदानाबाहेर जाणारे फटके, मारले होते. १९२० मध्ये न्यूयॉर्कसाठी त्यांनी ५४ मारले. १९१८ मध्ये अजिंक्यपद जिंकलेल्या बोस्टनला पुढचे अजिंक्यपद थेट २००४ मध्ये मिळाले. मधली ८६ वर्षे बोस्टनच्या तीन पिढ्यांनी फ्रेझींच्या नावाने बोटे मोडली. हा ‘शाप’ वगैरे प्रकार मला फारसा पटत नाही, कारण त्या ८६ वर्षांत रेड सॉक्सने आपल्या हाताने केलेल्या चुकांची यादी फ्रेझींच्या एका व्यवहारापेक्षा कितीतरी लांब आहे.

या सगळ्या वादात खेळाडूचे मत कोणी विचारत नव्हते. ते पहिल्यांदा मोठ्याने ऐकू आले १९६९ मध्ये. सेंट लुईस कार्डिनल्सचे कर्ट फ्लड हे मध्यक्षेत्ररक्षक बारा वर्षे त्या संघात होते आणि सलग सात वर्षे त्यांना क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लोव्ह मिळाला होता. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्यांना भल्या सकाळी संघाच्या कार्यालयातून फोन आला, तोही एका दुय्यम अधिकाऱ्याचा, की तुमची रवानगी फिलाडेल्फिया फिलीजकडे झाली आहे. कार्डिनल्सने त्यांच्यासह चौघांना देऊन डिक ॲलन यांच्यासह तिघांना घेतले होते. फ्लड यांनी जायला नकार दिला. २४ डिसेंबर रोजी त्यांनी आयुक्त बोवी कून यांना लिहिलेल्या पत्राचा मथितार्थ असा होता की, बारा वर्षे या खेळात घालवल्यानंतर आपण इच्छेविरुद्ध विकली-घेतली जाणारी मालमत्ता आहोत, असे मी मानत नाही. पत्र लिहिणारा माणूस कृष्णवर्णीय होता आणि ते वर्ष १९६९ होते, हे लक्षात घेतले की ‘मालमत्ता’ या एका शब्दाचे वजन कळते. आयपीएलमध्ये आज एका संघातून दुसऱ्या संघात अदलाबदल करताना खेळाडूची संमती घ्यावी लागते. फ्लड यांना तेवढाही हक्क नव्हता.

खेळाडूंच्या संघटनेने त्यांना पाठबळ दिले. संघटनेचे प्रमुख मार्विन मिलर पोलाद कामगारांच्या चळवळीतून १९६६ मध्ये इथे आले होते आणि हा खटला जिंकणे अवघड आहे, हे त्यांनी फ्लड यांना आधीच सांगितले होते. जॅकी रॉबिन्सन आणि हँक ग्रीनबर्ग या जुन्या थोर खेळाडूंनी न्यायालयात साक्ष दिली, परंतु त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू सुनावणीला आला नाही. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात फ्लड पाच विरुद्ध तीन अशा मतांनी हरले. दरम्यान १९७० चा संपूर्ण हंगाम त्यांनी गमावला होता आणि १९७१ मध्ये वॉशिंग्टनसाठी अवघे तेरा सामने खेळून त्यांनी मैदान सोडले होते.

जे न्यायालयात साधले नाही, ते एका कलमाच्या वाचनाने साधले. करारात लिहिले होते की खेळाडूने सही केली नाही तरी संघ त्याचा करार त्याच अटींवर एक वर्षासाठी वाढवू शकेल. मालकांचा अर्थ असा की त्या वाढीव वर्षातही हेच कलम लागू असल्याने वाढ दरवर्षी करता येईल, म्हणजे कायमची. संघटनेचे म्हणणे असे की एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. लॉस एंजेलिस डॉजर्सचे अँडी मेसरस्मिथ १९७५ चा सबंध हंगाम सही न करता खेळले. माँट्रियल एक्स्पोजच्या डेव्ह मॅकनॅली यांनीही सही केली नव्हती. लवाद पीटर साइट्झ यांनी २३ डिसेंबर १९७५ रोजी खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला आणि मालकांनी लागलीच साइट्झ यांना त्या पदावरून दूर केले. निकाल मात्र न्यायालयात टिकला. १९७६ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार सहा वर्षे खेळलेल्या खेळाडूला मुक्तपणे संघ निवडण्याचा हक्क मिळाला.

आज आपण ज्याला बेसबॉलचा हिवाळी बाजार म्हणतो, तो या निकालानंतरचा आहे. खेळाडूंचे सरासरी वार्षिक वेतन १९७६ मध्ये सुमारे ५१ हजार डॉलर होते, ते १९८० मध्ये १ लाख ४३ हजारांच्या वर गेले. रसिकांच्या तोंडी आता फलंदाजीची सरासरी आणि होमरनच्या जोडीला करारांची वर्षे आणि लाखांचे आकडे आले. वयाच्या एकतिसाव्या वर्षी सात वर्षांचा करार द्यावा का, शेवटची तीन वर्षे तो नुसता बसून पगार खाईल का, हा प्रश्न १९५५ च्या शेगडीभोवती कोणाला सुचलाही नसता. मालकांनीही हात आखडून पाहिले : १९८५ नंतरच्या सलग तीन हिवाळ्यांत दुसऱ्याच्या खेळाडूला बोली लावायची नाही, असा त्यांनी संगनमताने डाव केला. तो उघड झाला आणि भरपाई म्हणून त्यांना २८ कोटी डॉलर मोजावे लागले.

रसिकांच्या हातात नवी हत्यारेही याच सुमारास आली. कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावी डबाबंद घेवड्याच्या कारखान्यात रात्रपाळीची राखण करणारे बिल जेम्स १९७७ पासून स्वतःच छापलेल्या वार्षिक पुस्तिकेतून खेळाडूंचे मूल्य नव्या पद्धतीने मोजू लागले. १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्यांच्या मित्रांनी खऱ्या खेळाडूंचे काल्पनिक संघ बनवून खेळायची लीग काढली. फुटबॉलमध्ये असाच प्रकार ओकलंडच्या मंडळींनी १९६०च्या दशकातच सुरू केला होता. १९८७ मध्ये न्यूयॉर्कला चोवीस तास फक्त खेळांवर बोलणारे रेडिओ केंद्र निघाले. ज्यांच्याकडे पूर्वी नुसते मत होते त्यांच्याकडे आता आकडे, स्वतःचा संघ आणि बोलायला ध्वनिक्षेपकही होता. २००३ च्या हंगामाआधी खुद्द बोस्टन रेड सॉक्सने जेम्स यांना नोकरीवर घेतले.

फुटबॉलमधला प्रवास याच्या उलट दिशेने झाला. तिथे अधिकार खेळाडूकडून वर सरकत गेला. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे, हा आजचा नियम १९१२ चा. प्रत्येक प्रयत्नाआधी खेळ थांबतो आणि पुढची चाल ठरवावी लागते. ती मैदानावरचा क्वार्टरबॅक ठरवी. बाकावरून शिकवणे हे खेळाडूवृत्तीला धरून नाही असे मानले जाई आणि नियमानेही त्याला मनाई होती. एनएफएलने, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या व्यावसायिक लीगने, ही मनाई १९४४ मध्ये उठवली.

जुन्या पद्धतीचे सर्वांत देखणे उदाहरण २८ डिसेंबर १९५८ रोजी यांकी स्टेडियममध्ये दिसले. बाल्टिमोर कोल्ट्स आणि न्यूयॉर्क जायंट्स यांच्यातला अजिंक्यपदाचा सामना जादा वेळेत गेला होता, जो आधी गुण करील तो जिंकणार होता आणि कोल्ट्स गोलरेषेपासून सात-आठ यार्डांवर होते. जवळून एक किक मारली असती तरी काम झाले असते. क्वार्टरबॅक जॉनी युनायटस यांनी त्या जागेवरून जिम मचेलर यांच्याकडे पास टाकला, चेंडू एक यार्डावर पोहोचला आणि पुढच्याच चालीत ॲलन अमीची धावत आत शिरले. कोल्ट्स २३–१७ असे जिंकले. तो पास मधेच कोणी पकडला असता तर युनायटस यांना जन्मभर उत्तर द्यावे लागले असते. पकडला गेला नाही, म्हणून ते धाडस ठरले.

तोवर क्लीव्हलँडमध्ये प्रशिक्षक पॉल ब्राऊन यांनी वेगळेच वळण घेतले होते. प्रत्येक चालीआधी ते एक गार्ड (क्वार्टरबॅकसमोर उभा राहून त्याचे रक्षण करणारा खेळाडू) बाहेर काढत आणि दुसऱ्याच्या तोंडी निरोप देऊन त्याला आत पाठवत. १९५६ मध्ये त्यांनी क्वार्टरबॅक जॉर्ज रॅटरमन यांच्या शिरस्त्राणात रेडिओच बसवला, ज्यावर आयुक्त बर्ट बेल यांनी थोड्याच दिवसांत बंदी घातली. डॅलसचे प्रशिक्षक टॉम लँड्री यांनी तर १९७१ मध्ये शिकागो बेअर्सविरुद्धच्या सामन्यात क्रेग मॉर्टन आणि रॉजर स्टॉबॅक या दोन क्वार्टरबॅकना चालीगणिक आलटून-पालटून आत धाडले, म्हणजे निरोप्याची वेगळी गरजच उरू नये. डॅलस तो सामना हरले.

शिरस्त्राणातला रेडिओ अखेर १९९४ मध्ये अधिकृत झाला. प्रशिक्षकाचा आवाज चेंडू खेळवण्याच्या घड्याळात पंधरा सेकंद उरली की बंद होतो. त्याच वर्षी एनएफएलमध्ये संघाच्या एकूण वेतनखर्चावर कमाल मर्यादा लागू झाली आणि त्याच वर्षी तशाच मर्यादेच्या प्रश्नावरून बेसबॉलचे खेळाडू १२ ऑगस्टला संपावर गेले, बेसबॉलच्या अजिंक्यपदाची मालिका असलेली वर्ल्ड सिरीज रद्द झाली. १९०४ नंतर प्रथमच. बेसबॉलने मर्यादा नाकारली ती आजतागायत, आणि म्हणूनच २०२३ च्या डिसेंबरमध्ये शोहेई ओहतानी यांना डॉजर्स दहा वर्षांसाठी ७० कोटी डॉलर देऊ शकले, ज्यातले ६८ कोटी करार संपल्यावर द्यायचे आहेत.

फुटबॉलमध्ये चाल बाकावरून येऊ लागल्याचा परिणाम असा झाला की चुकलेल्या चालीला आता एक धनी मिळाला. नोव्हेंबर २००९ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सचे प्रशिक्षक बिल बेलिचिक सहा गुणांनी आघाडीवर असताना, सामन्याची दोन मिनिटे उरलेली असताना, स्वतःच्या २८ यार्ड रेषेवर चौथ्या म्हणजे शेवटच्या प्रयत्नात, चेंडू किक मारून लांब धाडण्याऐवजी, उरलेल्या दोन यार्डांसाठी खेळले. डाव फसला, इंडियानापोलिस कोल्ट्स ३५–३४ असे जिंकले आणि आकडेवारीचे अभ्यासक बेलिचिक यांच्या बाजूने तर जवळजवळ उरलेला देश त्यांच्या विरोधात उभा राहिला. मैदानाच्या कोणत्या जागेवरून किती गुण अपेक्षावेत, याचे गणित मात्र १९७१ मध्येच मांडले गेले होते आणि ते मांडणाऱ्यांपैकी एक, व्हर्जिल कार्टर, त्या वेळी सिनसिनाटीकडून क्वार्टरबॅक म्हणून खेळत होते.

या वादाचा कळस १ फेब्रुवारी २०१५ रोजी ॲरिझोनातल्या ग्लेनडेलमध्ये झाला. सुपर बोल या एनएफएलच्या अजिंक्यपदाच्या सामन्यात सिॲटल सीहॉक्स २४–२८ असे मागे होते, चेंडू गोलरेषेपासून एका यार्डावर होता, दुसरा प्रयत्न होता आणि मार्शॉन लिंच हा लीगमधला सर्वांत दांडगा धावणारा गडी त्यांच्याकडे होता. प्रशिक्षक पीट कॅरोल यांच्या बाकावरून पासची चाल आली. घड्याळात २६ सेकंद असताना रसेल विल्सन यांनी टाकलेला चेंडू माल्कम बटलर या नवख्या खेळाडूने हिसकावला आणि सामना तिथेच संपला. सिॲटलकडे घड्याळ थांबवायला एकच टाइमआउट शिल्लक होता. धावताना गडी अडला तर घड्याळ चालूच राहते, पास चुकला तर थांबते, त्यामुळे उरलेले तिन्ही प्रयत्न खेळायचे असतील तर त्यांतला एक तरी पास असणे भाग होते. लिंच यांनीही त्या हंगामात एक यार्डावरून पाच वेळा प्रयत्न करून एकदाच रेषा ओलांडली होती. कॅरोल यांनी त्या रात्री जबाबदारी स्वतःवर घेतली, पण चाल चूक होती हे त्यांनी मानले नाही.