जीव टांगणीला का लागतो?

गणपतीला गावी जायचं तिकीट काढलं की आमच्या घरात एक उद्योग सुरू होतो. वेटिंग ६३. सकाळी उठून बघायचं, दुपारी जेवताना बघायचं, रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा बघायचं. ५८, ४१, २९. गाडीच्या दिवशी तर कुणाचं कशातच लक्ष नसतं. गंमत अशी, की चार्ट लागतो, तिकीट पक्कं झालेलं नाही हे कळतं आणि घर एकदम सुटल्यासारखं होतं. बातमी वाईटच असते, पण माणसं उठतात, बॅगा उचलतात आणि एसटीच्या मागे लागतात.

हा अनुभव प्रयोगशाळेतही आला आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ४५ जणांना संगणकावर एक खेळ खेळायला लावला. त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. पडद्यावर दगड दिसायचा आणि त्याखाली साप आहे की नाही ते ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा झटका, चांगला दुखेल असा. साप असण्याची शक्यता संशोधक मधूनमधून बदलत होते, आणि खेळणाऱ्यांना किती घाम येतो, डोळ्यांच्या बाहुल्या किती मोठ्या होतात हे मोजत होते. सर्वांत जास्त ताण कधी आला? झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना नाही, तर शक्यता ५० टक्के असताना. झटका ठरलेला असेल तर माणूस दात-ओठ खाऊन तयार होतो. अर्ध्या-अर्ध्या शक्यतेत धड तयारही होता येत नाही आणि निवांतही बसता येत नाही. मराठीत याला जीव टांगणीला लागणं म्हणतात, आणि शब्द अगदी नेमका आहे.

भीतीबद्दलचे आपले बाकीचे वाक्प्रचारही शरीरशास्त्राचं पुस्तक उघडून लिहिल्यासारखे आहेत. मेंदूत खोलवर, कानांच्या पातळीवर, अमिग्डाला नावाचे बदामाच्या आकाराचे दोन पुंजके असतात. धोक्याची शंका आली की तिथून इशारा जातो आणि मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथी रक्तात ॲड्रेनलिन सोडतात. पळायची किंवा झुंजायची वेळ आली तर रक्त मोठ्या स्नायूंना हवं, म्हणून हृदय जोरात धावतं (धडधड), कातडीकडचं रक्त कमी होतं (हातपाय गार पडतात), लाळ आटते (घशाला कोरड पडते) आणि पचन थांबतं. या शेवटच्या गोष्टीचा शोध तर योगायोगाने लागला. हार्वर्डचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन क्ष-किरणांतून मांजरांच्या जठराची हालचाल बघत होते. मांजर बिथरलं की जठर चक्क थांबायचं. या धाग्यावरून पुढे जात त्यांनी ‘झुंजा किंवा पळा’ ही कल्पना मांडली. १९१५ साली त्यावर त्यांचं पुस्तक आलं. पोटात गोळा येतो तो असा.

पण गावच्या घरात साप नाही, वाघ नाही. मग धडधड कसली?

जर्मनीतल्या ट्रियर शहरात १९९३ साली ताण मोजायची एक पद्धत तयार झाली. माणसाला अनोळखी परीक्षकांसमोर पाच मिनिटं स्वतःबद्दल बोलायला लावायचं. मग १०२२ मधून १३-१३ वजा करत जायला सांगायचं, चुकला की पुन्हा पहिल्यापासून. परीक्षकांनी चेहरा दगडासारखा ठेवायचा. एवढ्याने बहुतेकांच्या लाळेतलं कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढतं. पुढे २००४ मध्ये अशा एकूण २०८ प्रयोगांचा एकत्र अभ्यास झाला. त्यात दिसलं की दोन गोष्टी जुळून आल्या की कॉर्टिसोल सर्वांत जास्त वाढतं: कुणीतरी आपल्याला जोखतंय आणि निकाल आपल्या हातात नाही.

आता पडवीत बसलेले सात-आठ काका डोळ्यांपुढे आणा. “लगीन कधी करतलंस?” “पगार किती?” “अजून भाड्यानंच?” ट्रियरच्या परीक्षकांना निदान पाच मिनिटांनी थांबायची सक्ती होती.

यावर “टेन्शन घेऊ नकोस” हा सल्ला अगदी कुचकामी आहे, कारण टेन्शन कुणी हाताने उचलून घेत नाही. त्यापेक्षा ५० टक्क्यांतून बाहेर पडणं जमण्यासारखं असतं. तिकीट झालं नाही तर कुठली बस, हे चार दिवस आधी ठरवून टाकायचं. किती दिवस राहणार ते जाण्यापूर्वीच कळवायचं. लग्नाच्या प्रश्नाचं एका वाक्याचं उत्तर पाठ करून जायचं. शरीरापुरता उपाय म्हणजे उच्छ्वास लांबवणं. श्वास सोडताना व्हेगस मज्जातंतूच्या प्रभावाने हृदय किंचित मंदावतं, म्हणून घेतो त्यापेक्षा सावकाश श्वास सोडत राहिलं की पाचेक मिनिटांत धडधड उतरू लागते. सणात रात्रभर भजन आणि मध्यरात्रीपर्यंत चहा, हेही आगीत तेलच. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं बाहेर पडायलाच पाचेक तास लागतात.

यातलं काही न करता सरळ टाळूनही टाकता येतं. मी तेच केलं. लागोपाठ दोन वर्षं ऑफिसचं कारण सांगून गेलो नाही. ‘येत नाही’ असा फोन केला की काय हलकं वाटायचं! पण नेमका तोच हलकेपणा मेंदूला शिकवतो, की टाळलं म्हणून वाचलास. प्रत्यक्षात काय झालं असतं हे बघायची संधीच त्याला मिळत नाही, आणि भीती पुढच्या वर्षी आणखी लठ्ठ होऊन येते. म्हणूनच मानसोपचारात माणसाला त्याच्या भीतीसमोर थोडं थोडं, झेपेल तितकं उभं करतात.

सगळ्यांनाच हे एकट्याने जमेल असं नाही, जमायलाच हवं असंही नाही. सण संपून गेला तरी बहुतेक दिवस चिंता सुटत नाही, झोप उडाली आहे, कामं अडली आहेत आणि असं सहा महिने चाललं आहे, तर तो स्वभाव नसून उपचार असलेला आजार असू शकतो. त्याआधीही मदत मागायला हरकत नाही. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक २०२२ पासून चोवीस तास चालू आहे, आणि तिथे मराठीतही बोलता येतं. छातीत दुखत असेल तर मात्र ‘टेन्शनमुळे असेल’ असं स्वतःच ठरवू नका, आधी डॉक्टर गाठा.

तिसऱ्या वर्षी मी गेलो. दीडच दिवस, तोही आधी सांगून. पाठ केलेलं वाक्य एसटीत चारदा घोकलं. पडवीत पाऊल टाकलं, काकांनी मान वर केली, लग्नाचा प्रश्न आलाच. मी वाक्य म्हटलं. काका म्हणाले, “बरां,” आणि सोलायला एक नारळ माझ्या हातात दिला.