एक नवा टायर, तीन जुने

अपघातात एक टायर कामातून जातो आणि उरलेले तीन धडधाकट असतात. साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, चिरली असेल किंवा तिच्यावर फुगवटा आला असेल, तर आतले धागे तुटलेले असतात. तिथं पंक्चरची दुरुस्ती चालत नाही, टायर बदलावाच लागतो. एक गेला, एक घेतला, इतका हा सोपा हिशेब. पण चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या गाडीत तो फसू शकतो.

२२५/६५ आर १७ मापाचा टायर घेऊ. नवा असताना त्याचा व्यास साधारण ७२४ मिलिमीटर असतो. ट्रेडची, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागावरच्या खाचांची, खोली ८ मिलिमीटरवरून ४ वर आली की व्यास ८ मिलिमीटरनं आणि परीघ सुमारे २५ मिलिमीटरनं घटतो. एका किलोमीटरमध्ये नवा टायर अंदाजे ४४० फेरे घेतो, तर झिजलेला ४४५. फरक जेमतेम एक टक्का.

पाच फेऱ्यांनी काय बिघडणार? वळणावर डावं आणि उजवं चाक यापेक्षा कितीतरी वेगळं फिरतं, आणि डिफरेन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरांचा संच, त्यासाठीच तर बसवलेला असतो. हे खरंच आहे. दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर असेल, तर काटकोनात वळताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे २.४ मीटर जास्त चालतं, म्हणजे जवळजवळ एक फेरा. त्या हिशेबानं एका बाजूला नवा टायर बसवलेली गाडी सरळ रस्त्यावरही, निदान डिफरेन्शियलच्या लेखी, दर किलोमीटरला पाच काटकोनी वळणं घेत असते आणि तीही सगळी एकाच दिशेला. एरवी सरळ रस्त्यावर एकमेकांच्या तुलनेत जवळपास स्थिर राहणारे आतले छोटे गिअर आता सतत फिरत राहतात. साधा डिफरेन्शियल हे बराच काळ सोसतो. खरी अडचण पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या, म्हणजे चाकांच्या जोडीच्या आसांच्या, मध्ये आहे.

तिथं काय बसवलंय, यावर सगळं ठरतं. पार्ट-टाइम फोर-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे गरजेपुरती चारही चाकांना ताकद देणारी, गाडी टू-व्हीलवर चालत असेल, तर दोन्ही एक्सल एकमेकांपासून सुटे असतात आणि मध्ये काहीच ताण येत नाही. तीच गाडी कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हीलमध्ये टाकली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र जखडले जातात. मग फेऱ्यांतला फरक फक्त टायर घसरूनच भरून निघतो. हल्लीच्या अनेक ऑल-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत मध्ये क्लच प्लेटांचं किंवा दाट सिलिकॉन द्रवाचं कपलिंग, म्हणजे दोन्ही एक्सल जोडणारा दुवा, असतं. फेऱ्यांत फरक पडला की ते घासतं आणि तापतं.

इथं एक गंमत आहे. एक्सलवरचा डिफरेन्शियल दोन्ही चाकांच्या फेऱ्यांची सरासरी पुढे पाठवतो. त्यामुळे एकच टायर नवा असेल, तर मधल्या कपलिंगला पाचाऐवजी अडीच फेऱ्यांचाच फरक दिसतो. ‘टायर नेहमी जोडीनं बदला’ हा दोन चाकांवर चालणाऱ्या गाडीसाठीचा शहाणा सल्ला ऐकून त्याच एक्सलवर दोन नवे बसवले, तर डावं-उजवं जुळतं, पण पुढच्या-मागच्यातला फरक पूर्ण पाच फेऱ्यांचा होतो. मधल्या कपलिंगच्या दृष्टीनं जोडी बदलणं एक बदलण्यापेक्षा वाईट!

एक्सलपर्यंत ताकद नेणारा लांब दांडा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट, चाकापेक्षा साधारण चौपट वेगानं फिरतो असं धरू. मग जोडी बदललेल्या गाडीत ताशी १०० किलोमीटर वेगाला कपलिंगच्या दोन बाजूंमध्ये मिनिटाला सुमारे ३३ फेऱ्यांचा फरक पडतो. कपलिंगमधून १०० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवणारा जोर) जात असेल, तर जवळपास ३४० वॅट उष्णता तयार होते, तीही बंद डब्यातल्या थोड्याशा तेलात आणि प्रवास चालू आहे तोवर. कपलिंग सैल असताना ती बरीच कमी होते, म्हणून प्रत्येक गाडीचं नुकसान सारखं नसतं.

हवा कमी-जास्त करून हे जुळवता येत नाही. रेडियल टायरमधले पोलादी पट्टे परिघाला फारसं हलू देत नाहीत. आधी उरलेल्या तिन्ही टायरांच्या ट्रेडची खोली मोजावी. अनेक कंपन्या २ ते ३ मिलिमीटरपर्यंतचा फरक चालवून घेतात, काहींची मर्यादा त्याहून कडक असते. गाडीच्या हँडबुकात लिहिलेलं प्रमाण. फरक त्या मर्यादेत असेल, तर खुशाल एकच टायर घ्यावा. मात्र तो त्याच कंपनीचा आणि त्याच मॉडेलचा हवा, कारण छापील माप सारखं असूनही दोन कंपन्यांच्या टायरांचा प्रत्यक्ष परीघ काही मिलिमीटरनं वेगळा असू शकतो.

फरक मर्यादेबाहेर असेल, तर दोन वाटा उरतात. चारही टायर बदलायचे, किंवा नव्याचं ट्रेड यंत्रावर तासून बाकीच्या तिघांइतकं करून घ्यायचं. नवं रबर पैसे देऊन खरवडून घेणं विचित्र वाटतं, पण तिघे अर्धेअधिक शिल्लक असतील तर हाच स्वस्त मार्ग ठरतो. तसं यंत्र सगळीकडे मिळत नाही, ही त्यातली मोठी मेख. तिघे आधीच १.६ मिलिमीटरच्या झीज-खुणेजवळ, म्हणजे बदलायच्या वेळेजवळ, आले असतील, तर प्रश्नच मिटला: चारही बदलायचे.