अठरा रुग्णांचा आकडा आणि कर्करोग वॉर्डातल्या सिस्टर

फेब्रुवारी २०२० मध्ये चीनमधल्या रुग्णांवरचा एक छोटा अहवाल प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या कर्करोग रुग्णालयांत धास्ती पसरली. कोविडच्या १,५९० रुग्णांपैकी १८ जणांना कर्करोग होता किंवा पूर्वी होऊन गेला होता. त्यांतल्या ३९ टक्के रुग्णांची प्रकृती गंभीर झाली. इतरांत हे प्रमाण ८ टक्के होते. पण अठरांतले ३९ टक्के म्हणजे सात माणसे. त्यांचे सरासरी वयही जास्त होते आणि बरेच जण उपचार संपवून फक्त तपासणीला येणारे होते. एवढ्यावरून सरसकट केमो थांबवणे धोक्याचेच. हे ओळखायला साथरोगशास्त्राची, म्हणजे लोकांमध्ये आजार किती आणि कसा पसरतो हे मोजणाऱ्या शास्त्राची, जुजबी तरी जाण हवी, कारण ‘सिस्टर, केमोला येऊ की नको?’ हा फोन वॉर्डातच येतो.

ही जाण परिचारिकांना परकी नाही. १८५४ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल क्रिमियन युद्धातल्या जखमींसाठी स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयात गेल्या. जखमांपेक्षा रोगराईने जास्त सैनिक मरतात, हे त्यांनी पुढे आकड्यांनिशी आणि आकृत्या काढून दाखवले. १८५८ मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने सदस्य म्हणून निवडलेल्या त्या पहिल्या स्त्री.

पुढे सामुदायिक आरोग्य हा अभ्यासक्रमातला वेगळा विषय झाला. कर्करोगाच्या वॉर्डात लक्ष समोरच्या एका रुग्णावर राहिले: त्याची शीर, त्याच्या पेशींचे रिपोर्ट, त्याच्या वेदना. मुंबईत १९६३ पासून कर्करोगाची लोकसंख्येवर आधारित, म्हणजे शहरातल्या सगळ्या रुग्णांची, नोंदणी होत आली, पण ती मोजणी वॉर्डाबाहेरची.

टाळेबंदीने हे अंतर मिटवले. मार्च ते मे २०२० या काळात देशातल्या ४१ कर्करोग केंद्रांत नव्या रुग्णांची नोंदणी आदल्या वर्षीपेक्षा ५४ टक्क्यांनी घटली, मोठ्या शस्त्रक्रिया ४९ टक्क्यांनी. कर्करोग कमी झाला नव्हता. माणसे पोहोचत नव्हती. आजार किती आणि नोंद किती, यातला हा फरक माझ्या मते प्रत्येक परिचारिकेला शिकवायलाच हवा.

वॉर्डात तर तापाचा अर्थच बदलला. केमोनंतर पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णाला ताप आला, तर प्रतिजैविक तासाभरात सुरू व्हायला हवे. कोविडच्या रिपोर्टची वाट पाहत त्याला बाहेर ताटकळत ठेवणे जिवावर बेतू शकते. उलट रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून संसर्ग नाहीच, असेही धरता येत नाही. प्रतिकारशक्ती खालावलेल्या काही रुग्णांच्या शरीरात हा विषाणू आठवडेच्या आठवडे टिकतो. म्हणून विलगीकरणाचे ठरावीक दिवस त्यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत.